आधी तांदूळ दाखवा

प्रमिलाताई रहांगडाले साके प्यायला बसल्या की आधी तांदूळ मागतात. शिजलेला नव्हे, कच्चा. समोरचा माणूस कमरेत वाकून, दोन्ही हातांनी बाटली धरून ओतायला पुढे आला की ताई आपल्या पेल्यावर तळहात आडवा ठेवतात आणि न अडखळता येणारं त्यांचं एकुलतं एक जपानी वाक्य खणखणीत आवाजात म्हणतात, "सुमिमासेन, ओकोमे ओ मिसेते कुदासाइ." माफ करा, तांदूळ दाखवा.

जपानी माणसाला गिऱ्हाइकाला नाही म्हणणं जड जातं. तो आधी गोंधळतो, मग "हाइ, हाइ" करत आत जातो. आत कुजबुज होते आणि कोणीतरी बशीत चिमूटभर तांदूळ घेऊन बाहेर येतं. ताई एक दाणा उचलतात, उजेडाकडे धरतात आणि डाव्या दाढेखाली ठेवतात. सगळं दुकान गप्प. कट्. ताईंचे डोळे मिटलेले.

"हं," त्या म्हणतात. "आता ओत म्हण त्याला."

हे 'म्हण' मला असतं. मी जपानातल्या त्सुकुबा शहरात ताईंच्या खालच्या मजल्यावर राहते आणि एका कंपनीत दुभाष्याचं काम करते. सुट्टीच्या दिवशी तेच काम ताईंकडे करते. कंपनीत चूक झाली तर साहेब रागावतात. ताईंकडे चूक झाली तर ताई नुसत्या बघतात. मला साहेब परवडतात.

ताई मूळच्या गोंदियाच्या. वडिलांची राइस मिल होती. शाळेतून आल्यावर दप्तर खुंटीला लागायच्या आत त्या धानाच्या ढिगावर चढलेल्या असायच्या. बाजारात आलेलं धान वाळलंय की ओलं आहे, हे दाताखाली दाणा फोडून सांगायची रीत तिकडे आहे, आणि ती रीत त्यांना बाराखडीच्या आधी आली असं त्या सांगतात. लग्न झालं ते डॉक्टर रहांगडाले यांच्याशी. सर इथल्या एका संशोधन संस्थेत आहेत. धातूला किती ताण दिला की तो मोडतो, हा त्यांचा विषय. हा विषय त्यांना लग्नानंतर सुचला, असं आमच्या मराठी मंडळात म्हणतात. सर स्वतः मात्र कधी मोडले नाहीत. वाकलेही नाहीत म्हणा. ते मुळात बोलतच नाहीत.

आडनावाचे इथे फार हाल झाले. 'रहांगडाले' जपानी जिभेवर बसत नाही. संस्थेत 'राहांगुदारे-सान' झालं, नगरपालिकेच्या ऑफिसात 'राहान-सान' झालं आणि कचऱ्याच्या पिशव्या तपासायला येणाऱ्या शेजारच्या आजींनी शेवटी 'राहा-सान' करून टाकलं, तेच सगळीकडे टिकलं. ताई म्हणतात, "राहा म्हणून राहिले तर राहू बाप्पा. जा तर नाही म्हणत."

साकेची ओळख झाली ती संस्थेच्या वर्षअखेरच्या पार्टीत. कोणीतरी ताईंपुढे चिमुकला पेला ठेवला. ताईंनी सरांना विचारलं, "हे कशाचं?" सर म्हणाले, "तांदळाचं." ताईंचा तोवर दारूशी आलेला संबंध मोहाच्या दारूपुरता, आणि तोही नाकानेच. "मोहाची पिऊन माणूस रस्त्यानं आला की आम्ही दारं लावून घेत होतो," त्या मला म्हणाल्या. "पण तांदळाची म्हटल्यावर दार कसं लावू? तांदूळ तर घरचा आहे. त्याचं काय केलं ह्या लोकांनी, ते पाहावं लागेल ना?"

तेव्हापासून त्या पाहताहेत. सरांची परिषद असो, लाँग वीकेंड असो, कुठे चाललो तर तिथली साके तिथेच जाऊन प्यायची, हा ताईंचा नेम. साके जिथे करतात त्या जागेला 'कुरा' म्हणतात. ताई मिल म्हणतात. "हिरोशिमाकडे एक मिल आहे म्हणे," असं त्यांनी म्हटलं की मी शनिवारची कामं शुक्रवारीच उरकून घेते.

चव सांगायची त्यांची पद्धत कुठल्याच पुस्तकात सापडायची नाही. माहीतगार लोक पेला फिरवून केळं, खरबूज, फुलं असलं काहीबाही सांगतात. ताई म्हणतात, "तांदळात केळं कुठून येईल? तांदूळ आहे तो." त्या साकेला माणसासारखं ओळखतात. निगाताची साके त्यांच्या मते घुमी. "बोलत नाही, पण सगळं ऐकून घेते. अशी एक जाऊ असावी." कोबेची मिशीवाली. क्योतोची तोंडावर गोड, मनातलं कळू न देणारी. हिरोशिमाची इतकी मऊ की दुसऱ्या घोटाला ताईंना संशय आला. "एवढं मऊ माणूस बरं नसते," त्या म्हणाल्या. कोचीची पहिल्याच घोटाला भांडायला उठली आणि ताईंना फार आवडली. मी भाषांतर करताना 'किंचित तीव्र, पण मनमोकळी' असं काहीतरी म्हणून वेळ मारून नेली. दुकानदार ताईंच्या चेहऱ्याकडे बघत म्हणाला, "बाईसाहेब एवढं लांबलचक बोलल्या, ते एवढंच होतं का?"

आणि तीन घोट. चौथा नाही. "चौथा घोट तांदळाचा नसते, आपल्या हौसेचा असते," असं त्यांचं म्हणणं. सर तर एकही घेत नाहीत, कारण गाडी तेच चालवतात आणि इथे ओठ ओला करून गाडीला हात लावला तरी धडगत नाही. काही कुरांमध्ये चालकाच्या गळ्यात 'मी गाडी चालवणार आहे' अशी पाटी अडकवतात. सर ती पाटी घालून, थर्मासातला चहा पीत, शांतपणे कोपऱ्यात बसतात. मी कधीकधी विचार करते, की सरांना ती पाटी घरीही शोभेल.

ताईंचं खरं भांडण आहे ते तासण्याशी. चांगली साके करायची तर तांदळाचा वरचा भाग घासून घासून काढतात, आतला गाभा तेवढा ठेवतात. जेवढा जास्त घासलेला, तेवढी साके नाजूक आणि भारी. बाटलीवर तो आकडा छापलेला असतो, की शंभरातला किती तांदूळ शिल्लक ठेवला. लोक तो आकडा बघून माना डोलावतात. ताई पोलिसासारखा वाचतात.

"पस्तीस," त्यांनी एकदा यामागाताच्या एका देखण्या दुकानात वाचलं. "पस्तीस ठेवला? म्हणजे बाकीचा कुठं आहे?"

मी विचारलं. दुकानातली मुलगी गोड हसून म्हणाली, की भुकटी होते, ती बाहेर जाते.

"बाहेर कुठं?"

"तांदळाच्या कुरकुरीत बिस्किटांच्या कारखान्यात, बहुतेक."

"बहुतेक म्हणजे? पत्ता विचार."

मी म्हटलं, "ताई, असं कसं विचारू?" ताईंनी नुसतं बघितलं. मी विचारलं. त्या दुपारी सरांनी चहाचा थर्मास बंद केला आणि आम्ही डोंगर उतरून एका बिस्किटवाल्याकडे गेलो. बिचारा आपल्या दुकानात भारतीय बाई का शिरली आणि पिठाच्या पोत्यात हात का घालते आहे, हे न कळून नुसता वाकत होता. ताईंनी पीठ चिमटीत घेऊन चोळलं, वास घेतला, भट्टीवर फुगणारी बिस्किटं बघितली, मग भली मोठी पिशवी विकत घेतली. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "वाया नाही गेला. आता झोप येईल." आणि खरंच झोपल्या.

त्या नेहमी बरोबर असतात असं मुळीच नाही. साकेचा तांदूळ पहिल्यांदा बघितला तेव्हा त्याच्या पोटात खडूसारखा पांढरा ठिपका होता. ताईंनी तो मालकासमोर धरून सांगितलं, की असा पांढऱ्या पोटाचा माल आमच्या मिलमधून परत पाठवत होते, तुम्हाला कोणीतरी फसवलंय. मालक हबकला. मग त्याने हात जोडून समजावलं, की हा ठिपका म्हणजेच तर साकेच्या तांदळाचं काळीज, ह्याच्यासाठीच आम्ही जास्त पैसे मोजतो. मी ताईंना ते सांगितलं. ताई म्हणाल्या, "मग त्याला सांग, फसवलं असेल तर चांगल्यासाठी फसवलं." दुसऱ्या एका ठिकाणी त्यांनी नव्या तांदळाला जुना ठरवलं. पोत्यावरची चिठ्ठी दाखवल्यावर म्हणाल्या, "चिठ्ठी लावणाऱ्याला विचारा." चूक कबूल करणं हा प्रकार गोंदियाला पिकत नसावा.

ह्या सगळ्या मिलमालकांत ताई एकाच व्यक्तीचं नाव आदराने घेत. नाव म्हणजे 'नोतोची म्हातारी'. जपानच्या समुद्रात अंगठ्यासारखा बाहेर आलेला नोतो म्हणून भाग आहे, तिथे समुद्राच्या काठावर एक लहानसा जुना कुरा होता. मालक वारल्यापासून त्याची बायको तो चालवायची. सगळे तिला ओकामी-सान म्हणत, म्हणजे घरची मालकीण. मुलगा साके करायचा, पण शब्द आईचा. ताई आणि सर तिथे एकदाच जाऊन आले होते. मी तेव्हा पुण्याला होते. परत आल्यावर मी विचारलं, साके कशी होती. ताई म्हणाल्या, "साके सोड. बाई आहे ती." आणि आणखी काही सांगितलं नाही.

पुढे नोतोला मोठा भूकंप झाला. आम्हाला त्सुकुबातही टीव्हीवर दिसत होतं, घरं मांडी घालून बसावीत तशी खाली बसलेली. ताईंनी त्या कुराला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. त्या जेवताना फोन लावत, भाजी चिरताना लावत, माझ्याकडे येऊन माझ्या फोनवरून लावत, जणू माझ्या फोनचं तिकडे कोणी जास्त ऐकणार होतं. शेवटी एकदा मुलाने उचलला. आई वाचली होती. घर पडलं होतं, कुरा पडला होता, धुराडं रस्त्यावर आडवं झालं होतं.

ताईंनी पिशवी भरायला घेतली. तेव्हा मी सरांना पहिल्यांदा दोन वाक्यं सलग बोलताना ऐकलं. "प्रमिला, रस्ते एकेरी झालेत, तिथून मदतीच्या गाड्या चालल्यात. आपण गेलो तर एका गाडीची जागा अडवू." ताईंनी पिशवी तशीच भरलेली ठेवली आणि खाली बसल्या. त्या वर्षी त्या कुठल्याच मिलला गेल्या नाहीत. मी एकदा फुकुशिमाच्या एका मिलचं नाव काढलं, तर म्हणाल्या, "मन नाही लागून राहिलं."

रस्ते सुधारले, दुसऱ्या वर्षीचा वसंत आला आणि मुलाचाच फोन आला. पडलेल्या छपराखालून त्यांचा तांदूळ बाहेर काढता आला होता. त्याच प्रांतात पण खूप दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी एका ओळखीच्या कुराने त्यांना आपली जागा दिली होती. तिथे त्याने एक टाकी साके केली होती. या बघायला.

आम्ही गेलो. तो कुरा मोठा होता, चकचकीत. मुलगा पन्नाशीचा, खांदे पडलेला, दुसऱ्याच्या घरात वावरतो तसा भिंतीच्या कडेकडेने चालणारा. त्याने ताईंना बघून खोल वाकून नमस्कार केला आणि ताईंनी तोंड उघडायच्या आत स्वतःच बशीत तांदूळ आणून ठेवला. ताईंनी दाणा चावला. मग साके प्यायल्या. तीन घोट घेऊन पेला खाली ठेवला.

"तांदूळ तोच आहे," त्या म्हणाल्या. "पाणी दुसरं आहे. चांगली झाली आहे, सांग त्याला. तुझ्या आईला काय वाटलं, तेही विचार."

मी विचारलं. मुलाने खाली बघितलं. "आईने घेतलीच नाही. पहिली बाटली मी तिच्याकडे नेली होती. तिने ती बाबांच्या फोटोपुढे ठेवली. म्हणाली, आपल्या विहिरीचं पाणी नाही, तर ही आपली साके नाही. बाटलीवर आपलं नाव का लावलंस, असंही म्हणाली." मग तो म्हणाला, "यंदा पुढे करावी की नाही, मला कळत नाही."

हे मी ताईंना मराठीत सांगितलं. ताईंनी पदर सावरावा तशी ओढणी सावरली आणि सरांना म्हणाल्या, "चला."

"कुठे?"

"नोतोला."

सरांनी गळ्यातली पाटी काढून ठेवली आणि किल्ली घेतली.

त्या रात्री वाटेत मुक्काम करून सकाळी निघालो. नोतोचा रस्ता डागडुजी केलेला, पण ठिकठिकाणी लाट उठल्यासारखा वर-खाली. रिकाम्या चौथऱ्यांच्या रांगा, निळ्या ताडपत्र्या, मध्येच एखादं धड घर आणि त्याच्या दारात नीट लावलेली फुलझाडं. ताई खिडकीतून बघत होत्या. ओकामी-सान शाळेच्या मैदानावर बांधलेल्या तात्पुरत्या घरांच्या ओळीत राहत होती. एक खोली, एक ओटा. दारात मुळे वाळत घातलेले.

दार उघडलं ती ठेंगणी, ताठ, पांढऱ्याशुभ्र केसांची बाई होती. तिने ताईंकडे बघितलं आणि तिच्या तोंडून निघालं, "राहा-सान." मग पुढचा सगळा वेळ ती अगदी रीतसर वागली. लांबून आलात, त्रास झाला असेल, जागा फार अडचणीची आहे, माफ करा. चहा केला. ताईंनी आणलेल्या तांदळाच्या चकल्या तिने नवऱ्याच्या फोटोपुढे ठेवल्या. तिथेच ती बाटली होती, कागदात गुंडाळलेली, न उघडलेली.

ताईंनी चहा संपवला आणि बाटलीकडे बोट केलं. "विचार तिला, काहून नाही पीत?"

मी शक्य तितकं मऊ करून विचारलं. ओकामी-सान हसली. "मुलाने कष्ट केले आहेत. चांगली झाली असेलच. पण आमच्या घराची साके आमच्या विहिरीच्या पाण्याची. विहीर बुजली. मग जे झालंय त्याला दुसरं काहीतरी म्हणावं, आमचं म्हणू नये."

मी सांगितलं. मला वाटलं आता ताई भडकणार, किंवा नुसतं बघणार. दोन्ही झालं नाही. त्या गुडघ्यांवर हात ठेवून बसल्या होत्या. म्हणाल्या, "तिला सांग तनुजा. पोरगी सासरी गेली की सासरचंच पाणी पिते. जन्मभर पिते. म्हणून काय ती आपली पोरगी राहत नाही?"

हे जपानीत कसं न्यावं, मला कळेना. मी दोनदा सुरुवात करून थांबले. शेवटी जसं होतं तसं शब्दाला शब्द ठेवून सांगून टाकलं.

बाहेर कोणीतरी सायकल उभी केली, घंटी वाजली. मग ओकामी-सान ताईंकडे न बघता म्हणाली, "मी डोंगराकडची. लग्न होऊन इथे आले तेव्हा इथलं पाणी मला आवडत नसे. लोखंडाचा वास यायचा. सासूबाईंना सांगायची चोरी. माहेरी गेले की आई विचारायची, तिकडचं पाणी मानवतं का, आणि मी म्हणायची, हो. पुढे कधीतरी ते खरंच मानवलं. केव्हा, ते आठवत नाही."

ती उठली. फोटोपुढून बाटली घेतली, कागद सोडला, ओट्यावरून दोन पेले आणले. सरांकडे बघून क्षणभर थांबली; सरांनी मान हलवून गाडीकडे बोट केलं आणि तिने त्यांना पुन्हा चहा दिला. मला विचारलंच नाही. दुभाष्याची काय गणना.

ताईंनी तिच्या पेल्यात ओतलं, तिने ताईंच्या. ती प्यायली. तिचा चेहरा बघण्यासारखा होता, म्हणजे त्यात काहीच दिसत नव्हतं. पुन्हा एक घोट. मग पेला हातात तसाच धरून म्हणाली, "आमची नाही."

मी हे ताईंना सांगणार, तोच ती पुढे म्हणाली, "पण परकीही नाही."

मी दोन्ही एकदम सांगितलं. आणि प्रमिलाताई रहांगडाले, ज्यांनी यामागाताच्या बिस्किटवाल्याला घाम फोडला, ज्यांच्यापुढे मंडळाचे तीन अध्यक्ष राजीनामा देऊन गेले, त्या तोंडाला ओढणी लावून रडायला लागल्या. ओकामी-सानने पेला खाली ठेवला आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, लहान मुलाला उचकी लागल्यावर फिरवतात तसा. "दाइजोबु, दाइजोबु," ती म्हणत होती. काही नाही, काही नाही. घर तिचं पडलेलं होतं, आणि धीर ती देत होती.

निघताना तिने मुलाला फोन लावला. मी बूट घालताना ऐकलं. पुढच्या टाकीला तांदूळ जास्त वेळ भिजव, एवढंच ती त्याला म्हणाली आणि फोन ठेवला.

परतीच्या रस्त्यावर ताई पुढे बसल्या होत्या, सर चालवत होते, मी मागे. उन्हं उतरायला लागली होती. बऱ्याच वेळाने मी धीर करून विचारलं, "ताई, एवढ्या मिल पाहिल्या तुम्ही. ह्याच एका बाईचं एवढं का लागलं मनाला?"

ताई समोर बघत म्हणाल्या, "तिनं मला विचारलं होतं."

"काय विचारलं होतं?"

"आम्ही पहिल्यांदा गेलो ना, तेव्हा मी तांदूळ मागितला. तिनं दोन सुपल्या आणल्या. एक आदल्या वर्षीचा, एक नवा. उन्हाळा फार कडक झाला होता म्हणे. ह्यांना मधे घालून मला म्हणाली, तुम्हाला काय वाटते, ह्याला किती भिजवू?" ताईंनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "ह्या देशात आली तेव्हापासून मला सगळे सांगूनच राहिले, तनुजा. कचरा असा वेगळा करा. सायकल तिथं लावा. इथं जोरात बोलू नका. पोरगा लहान होता तेव्हा त्याच्या शाळेतून सांगत होते, आता पोरगा ओसाकाहून फोनवर सांगते, आई हे असं नसते. चांगलंच सांगतात, वाईट नाही कोणी. पण विचारत नाही कोणी. बिचाऱ्यांना वाटत असेल, हिला काय येते. अन् खरं आहे, इथलं मला काय येते? तांदूळ येते. तेवढं एक तिनं विचारलं."

सरांची मान सरळ रस्त्याकडे. गाडीतल्या नकाशाची बाई जपानीत गोड आवाजात म्हणाली, की पुढच्या फाट्यावर कानाझावासाठी डावीकडे राहा. सरांनी हात पुढे करून तिला बंद केलं.

फाटा आला. वर भली मोठी हिरवी पाटी होती, बाण दाखवून सगळं लिहिलेलं. सरांनी गाडी हळू केली.

"प्रमिला," ते म्हणाले, "कोणीकडून जाऊ?"

ताईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग पाटीकडे. ती अक्षरं त्यांना वाचता येत नाहीत. त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि पाठ ताठ करून सांगितलं, "उजवीकडून."

मी तोंड उघडलं. आरशात सरांचे डोळे मला दिसले, आणि मी तोंड मिटलं.

"नक्की ना?" सर म्हणाले.

"नक्की म्हणजे काय? उजवीकडून घ्या."

सरांनी गाडी उजवीकडे घेतली. रस्ता अरुंद होत गेला, घरं संपली, एक बोगदा लागला आणि तो संपता संपता समोर एकदम सगळा समुद्र.

"पाहा," ताई म्हणाल्या.

"हो," सर म्हणाले.

पुढच्या फाट्यावर त्यांनी पुन्हा विचारलं.